ज्याला दिसले त्याने उत्तर द्यावे

"माय, आज बी मनी भाकर जळी गई," असे काचेपलीकडची मुलगी म्हणाली, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेला हारुन अन्सारी एकदम ताठ झाला. दालनात साठ-सत्तर माणसे होती. त्यांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर भाकरी जळाल्याचे चिन्ह नव्हते. सर्वजण अत्यंत गंभीरपणे काचेकडे पाहत होते, कारण काच दुहेरी होती आणि तिच्यातून आवाजाचा कणही बाहेर येत नव्हता. येऊ नये हाच त्या प्रयोगाचा विषय होता. हारुनला क्षणभर वाटले की आपला कान उघडला. त्याचा हात नकळत कानाकडे गेला, तेथे यंत्र नव्हते. ते सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेले होते, कारण ते लावले की त्याला पंख्याचा आवाज तेवढा मोठा ऐकू येत असे आणि माणसाचा येत नसे. मग त्याच्या ध्यानात आले की ऐकले ते कानाने नव्हे. डोळ्यांनी ऐकले होते. कित्येक वर्षे पेटीत पडून राहिलेले हत्यार आपण होऊन हातात यावे, तसे ते ऐकणे परत आले होते. मुलीचे ओठ पुन्हा हलले. "तू ऐकी रायनी ना?" तिने विचारले, आणि तेथे नसलेल्या आईने उत्तर द्यावे म्हणून ती थोडा वेळ थांबली.

ही जागा म्हणजे पंचवटीच्या पलीकडे पेठ रोडच्या कडेला असलेला द्राक्षांच्या लाकडी खोक्यांचा कारखाना. पुठ्ठ्याची खोकी आली तेव्हा येथल्या करवती थांबल्या. दहा वर्षे कुलूप होते. मग संतोष नावाच्या एका हौशी माणसाने तो भाड्याने घेतला, आतून तीन ट्रॉल्या भुसा काढला, आणि तरीही फटींतून भुसा येतच राहिला म्हणून जागेचे नावच 'भुसा' ठेवले. तेथे त्याने थंडीच्या दिवसांत आठ रविवार प्रयोगकलेचा हंगाम मांडला. संतोष हा हारुनच्या मुलाच्या, आवेजच्या, इमारतीत राहत असे. जिन्यात बसून दिवस मोजणाऱ्या हारुनला त्यानेच एकदा कागदावर लिहून आणि हातवारे करून विचारले होते, "चाचा, रविवारी दाराशी बसाल का? उशिरा आलेल्याला आत सोडायचं नाही, आणि आत काहीही झालं तरी उठायचं नाही."

"मला ऐकायला येत नाही, त्याचं काय?" हारुनने विचारले.

"तेच तर पाहिजे. मागं एकानं तासभर पत्रा घासला. दाराचा माणूस पळून गेला."

याप्रमाणे हारुनला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी बहिरेपणाच्या योग्यतेवर नोकरी लागली. रोशनबीने, त्याच्या बायकोने, इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि म्हटले, "चलो, किसी को तो तुम्हारे कान काम आए." आत जे काही चाले त्याचे हारुनला हसू आले नाही. एका गृहस्थाने बर्फाच्या लादीवर मांडी ठोकून बसण्याचा प्रयोग केला. शेवटी बर्फ उरला नाही, गृहस्थ उरले. एका बाईने सर्व प्रेक्षकांच्या चपलांचे जोड मोडले आणि अनोळखी माणसांना ते एकमेकांत विचारपूस करून जुळवायला लावले. लोक बाहेर येऊन म्हणत, यात काय आहे? हारुनला तसे वाटत नसे. ज्याने चाळीस वर्षे मागावरचा धोटा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाताना पाहिला, त्याने बर्फाला नावे ठेवू नयेत, असे त्याचे मत होते. शिवाय येथे सर्वजण गप्प बसत, त्यामुळे आपण काही चुकवत आहोत ही टोचणी नसे. ती टोचणी घरी असे. आवेजच्या घरात सर्वजण प्रेमळ होते, परंतु मान खाली घालून बोलत. आवेज मोबाइलात पाहून बोले, सून मेहविश कणकेत पाहून बोले. ज्याचे ऐकणे दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून आहे त्याला खाली वळलेला चेहरा म्हणजे बंद दार. त्याआधी महामारीच्या दोन वर्षांत तर सगळ्या जगाने तोंडाला फडके बांधले आणि हारुनच्या भोवतीचे उरलेसुरले बोलणेही पुसले गेले. तेव्हापासून तो प्रत्येक गोष्टीला "हां, हां" म्हणू लागला. एकदा आवेजने विचारले, अब्बा, दवाखान्यात कधी जायचे, आणि हारुनने आनंदाने "हां, हां" म्हटले. मुलाने सुनेकडे पाहिले. ते पाहणे मात्र हारुनला अगदी स्पष्ट ऐकू आले.

मालेगावात, जेथे हारुनचे आयुष्य मागावर गेले, असे नव्हते. तेथे अठ्ठेचाळीस माग एकाच पत्र्याखाली एका वेळी चालत, आणि त्या खडखडाटात बोलणे म्हणजे घशाची उधळपट्टी. म्हणून कारखान्यात कोणी बोलत नसे, सर्वजण ओठ हलवत. नवा आलेला मुलगा पहिला महिनाभर बावळटासारखा पाहत राही, मग एके दिवशी सत्तर फुटांवरून कोणी त्याच्या चहात माशी पडली असे सांगे आणि तो खाली पाही. त्या दिवशी तो कारखान्याचा झाला. प, ब, म हे ओठांवर सारखेच दिसतात, हे कोणी शिकवले नाही. बाकीचे गालावरून, भुवयांवरून आणि माणसाच्या स्वभावावरून जुळवून घ्यायचे असते. हारुनने या रीतीने लग्नाची बोलणी पाहिली, भांडणे मिटवली, एका जुम्म्याला मालकाने मुनिमाला दिलेली शिवी वाचून अर्ध्या कारखान्याला वाटली. रोशनबीला हे ठाऊक होते. म्हणून चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्याविषयी काही तिखट बोलायचे असले की ती भिंतीकडे तोंड करून बोले. तिच्या पाठीकडे पाहूनच हारुनला विषय कळत असे, तपशील तेवढा राहून जाई. आणि ही मुलगी बोलत होती ती अहिराणी? ती त्याला गोटीरामकडून आली. गोटीराम हा बागलाणातल्या एका खेड्यातून आलेला, शेजारच्या दोन मागांवरचा माणूस. तो दिवसभर अहिराणीतच ओठ हलवी, म्हणून हारुनचे डोळे अहिराणी शिकले. कानाने त्याने ती भाषा फारशी ऐकलीच नव्हती.

काचेपलीकडच्या मुलीचे नाव हर्षाली होते. पाटीवर प्रयोगाचे नाव 'चाळीस मिनिटे' असे लिहिले होते. खोक्यांच्या कारखान्यातल्या मुकादमाची जुनी काचेची केबिन तशीच उभी होती. करवतीच्या आवाजात हिशोब चुकू नये म्हणून मालकाने तिला दुहेरी काच बसवलेली. दर रविवारी चार वाजता हर्षाली त्या केबिनमध्ये जाई, दार लावी, स्टुलावर बसे आणि चाळीस मिनिटे बोले. बाहेर लोकांना वाटे, ती कविता म्हणते आहे. कोणाला वाटे, ती ज्यांना बोलता येत नाही अशा सर्व स्त्रियांच्या वतीने बोलते आहे. एका तरुणाच्या डोळ्यांना तर धार लागली. हारुनला त्या वेळी दिसत होते की ती आपल्या खोलीतल्या वैष्णवी नावाच्या मुलीबद्दल तक्रार करीत आहे, जी दुसऱ्याच्या साबणाने आंघोळ करते आणि विचारले तर साबण झिजतोच म्हणते. त्याने गालाचा आतला भाग दाताखाली धरला. हसायचे नाही, असे संतोषने बजावले होते. दुसऱ्या रविवारी ती म्हणाली की नाशिकची थंडी नामपूरच्या थंडीसारखी नाही, ही नुसती अंगाला लागते, तिकडची कांद्याच्या वाफ्यातून पायात चढते. तिसऱ्या रविवारी तिने लहानपणी विहिरीत पडलेल्या पितळी तांब्याची हकीकत सांगितली. तो आपणच टाकला होता आणि मार भावाने खाल्ला. सांगताना ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला, कारण त्यांना ते रडणे वाटले. हारुन सुखाने न्हाऊन निघत होता. किती वर्षांनी कोणी त्याच्यासमोर मान वर करून, तोंडावर उजेड घेऊन, सलग चाळीस मिनिटे बोलत होते. एक शब्दही वाया जात नव्हता. रविवारी संध्याकाळी तो घरी येई तेव्हा रोशनबी विचारी, "क्या देखा?" आणि तो म्हणे, "कुछ नहीं. एक लडकी बैठती है." असे म्हणून तो लगेच चपला काढण्यात गुंतून जाई. कारण ते खोटे होते, आणि दुसरे म्हणजे ती चोरी होती.

चोरी हा शब्द त्याने स्वतःच्या मनात चौथ्या रविवारी प्रथम उच्चारला. त्या दिवशी हर्षाली नेहमीपेक्षा हळू बोलत होती. तिने सांगितले की क्लास सोडून वर्ष झाले. ज्या स्पर्धापरीक्षेच्या क्लाससाठी आईने तिला नाशिकला धाडले त्याच्या जिन्यावरही तिने वर्षभरात पाय ठेवला नव्हता. नामपूरच्या बाजारात आई सांगत असते की आमची हर्षा तहसीलदार होणार, आणि हर्षा एका काचेच्या खोलीत बसून लोकांना तोंड हलवून दाखवते. "फोनवर तोंड उघडं की शब्द आटी जातस, माय," ती म्हणाली. येथेच तिला बोलता येत होते, कारण येथे कोणी ऐकत नव्हते. हारुनने मान खाली घातली. परंतु मान खाली घालूनही काय होणार, पुन्हा वर करावीच लागली. पाहणे सुटत नव्हते. आपण सांगितले तर? तर ही मुलगी त्या केबिनमध्ये पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि जगात उरलेली एकच जागा, जेथे आपल्याला सर्व ऐकू येते, तीही जाईल. न सांगितले तर आपण एका आईच्या वाट्याचे बोलणे दाराशी बसून खातो आहोत. असा तो दोन्ही बाजूंनी अडकला. आणि याहून जुने असे काहीतरी त्याला आतून ढोसत होते, त्याचे नाव गोटीराम.

तेव्हा हारुन एकोणीस वर्षांचा होता. दुपारची वेळ, माग चालू. पलीकडच्या रांगेतून गोटीरामचे ओठ हलले: बंद कर. हारुनने ते पाहिले. स्वच्छ पाहिले. परंतु बटणाच्या जवळ मिस्त्री उभा होता, तो पाहीलच असे हारुनला वाटले. आपण धावलो तर पोरगेपणा दिसेल असेही वाटले. जेवढा वेळ हे वाटायला लागला तेवढ्या वेळात पट्ट्याने गोटीरामची दोन बोटे नेली. दवाखान्यातून आल्यावर गोटीराम हसून म्हणे, "जाऊ दे रे हारुन, विडी धराले तीन पुरतस." त्याने कधीही विचारले नाही की तू पाहिले होतेस का. त्याने विचारले नाही म्हणूनच हारुनला ते आयुष्यभर पुरले. त्यानंतर कारखान्यात एक नियम झाला, कोणी लिहिला नाही, तरी झाला: ज्याला दिसले त्याने उत्तर द्यावे. बोलणे तुझ्यासाठी असो वा नसो. पाहिलेस ना, मग हात वर कर आणि हवेत मूठ मिट, जणू कोणी फेकलेली सुताची कांडी झेललीस. म्हणजे बोलणाऱ्याला कळते की शब्द जमिनीवर पडला नाही. पुढे माग सुटेपर्यंत हारुनने अक्षरशः प्रत्येक दिसलेल्या वाक्याला मूठ मिटली होती. लोक त्याची थट्टा करीत, की हारुनमियाँ माश्या पकडतात. आणि आता चार रविवार झाले, एक मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत कांड्यांवर कांड्या फेकत होती, त्या खाली पडत होत्या आणि तो मांडीवर हात ठेवून बसला होता.

पाचव्या रविवारी तिने विचारले, "हाई सगळं तुले सांगं तर तू रागे भरशी का हासशी?" आणि नेहमीप्रमाणे ती थांबली. ती नेहमीच आईच्या उत्तरापुरती जागा मोकळी सोडीत असे. परंतु त्या दिवशी ती जागा फार मोठी होती. सबंध दालन तिच्यात मावले असते. हारुनने काही ठरवले नाही. त्याला पुढे कोणी विचारले असते तर तो शपथेवर हेच म्हणाला असता. त्याचा उजवा हात आपल्या आपण वर गेला, हवेत मूठ मिटली, आणि त्याच्या ओठांनी आवाज न करता म्हटले, "हासी, पोरी. पहिले रागे भरी, मंग हासी." हर्षालीची नजर लोकांच्या डोक्यांवरून थेट त्याच्यावर आली. तिला ओठ वाचता येत नव्हते. परंतु उत्तर कोणत्या जागी येते हे तर कळते. दाराशी बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, तिने प्रश्न विचारल्यानंतर, प्रश्न संपल्यावरच, उत्तर देत होता. तिचे तोंड अर्धवट उघडे राहिले, रंग उतरला. उरलेली अकरा मिनिटे ती एक शब्दही बोलली नाही. प्रेक्षक भारावले. वही घेऊन बसलेल्या एका गृहस्थांनी 'विराम' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. प्रयोग संपल्यावर ती मागच्या दाराने निघून गेली, आणि सहाव्या रविवारी शटरवर कागद होता: आजचा प्रयोग होणार नाही.

"तब्येत बरी नाही म्हणते," संतोष म्हणाला. "चाचा, मागच्या वेळी तुम्ही उठला होता का? कोणीतरी म्हणालं, दारवाल्यानं हात वर केला."

"माशी होती," हारुन म्हणाला.

तो आठवडा वाईट गेला. त्याने जेवताना मीठ कमी की जास्त हे सांगितले नाही, नातवाने दाखवलेल्या चित्राला "हां, हां" म्हटले. शेवटी बुधवारी त्याने रोशनबीला सगळे सांगितले. भाकरी, साबण, तांब्या, क्लास आणि मूठ. सांगताना त्याला वाटले होते, ती आता भिंतीकडे वळेल. रोशनबी वळली नाही. ती त्याच्या अगदी समोर येऊन बसली, उजेडाकडे तोंड केले आणि एकेक शब्द सोलल्यासारखा करून म्हणाली, "तुमने गलती की. पाँच हफ्ते पहले जवाब देना था." मग उठली, आणि ओट्याशी जाऊन पाठमोरी काहीतरी लांबलचक पुटपुटली. त्यातले त्याला कळले नाही. तथापि पाठीचा डौल बरा होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी हर्षाली जिन्यात उभी होती. संतोषकडून पत्ता घेऊन आली होती. हारुन उठला, पुन्हा बसला. तिने हातातली पिशवी दोनदा या हातातून त्या हातात घेतली.

"चाचा, पहिल्या रविवारी मी काय म्हटलं होतं?"

"भाकर जळी गई."

"दुसऱ्या?"

"नामपूरची थंडी पायात चढते."

"तांब्या?"

"तू टाकला. मार भावानं खाल्ला."

ती मटकन पायरीवर बसली. बराच वेळ तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते, आणि हारुनला भीती वाटली, कारण झाकलेले तोंड त्याला वाचता येत नव्हते. हात खाली आले तेव्हा ती लाल झाली होती. "मी समजत होते, तिथं कुणीच नाही," ती म्हणाली. "पाच रविवार मी भिंतीशी बोलत होते. आणि भिंतीला सगळं कळत होतं. मग पाच रविवार गप्प का बसला तुम्ही? माणूस बोलतंय, दिसतंय, तर एकदा हात तरी वर करायचा ना." गोटीरामने जे चव्वेचाळीस वर्षे विचारले नव्हते, ते या मुलीने पायरीवर बसून विचारले होते. त्याच्या छातीवरून काहीतरी जड उतरले आणि जिन्यातून खाली गडगडत गेले असे त्याला वाटले. "चुकलं, बेटी," तो म्हणाला. "एकदा आधीही चुकलं होतं." आणि त्याने तिला गोटीरामची हकीकत सांगितली. आतापर्यंत ती त्याने रोशनबीलाही सांगितली नव्हती.

सातव्या रविवारी ती केबिनमध्ये गेली, आणि प्रत्येक वाक्यानंतर दाराकडे पाहू लागली, आणि प्रत्येक वाक्यानंतर दाराशी एक मूठ मिटू लागली. लोकांना हे दिसले नाही, कारण लोक पुढे पाहत होते. मधल्या दिवसांत ती दुपारी जिन्यात येई आणि ओठ वाचायला शिके. मेहविश चहा आणून देई आणि त्या दोघांना आवाज न करता बोलताना पाहून मान वर करी. एकदा तिनेही मान वर करूनच सासऱ्याला काही विचारले, आणि हारुनने बरोबर उत्तर दिले, म्हणून दोघेही लाजले. हर्षाली कच्ची विद्यार्थिनी होती. हारुन 'मामी' म्हणे, तिला 'पापी' दिसे. "ओठाकडे नको पाहू, माणसाकडे पाहा," तो सांगे. शुक्रवारी ती म्हणाली, "आईला बोलावलंय. नाटक आहे म्हणून सांगितलंय. तोंडावर सांगायची माझी छाती नाही, चाचा. मी काचेतून सांगते. तुम्ही तिच्या शेजारी बसा आणि तिच्या कानात सांगा. हळूच. तिच्यापुरतं."

"आणि ती रागावली तर?"

"तर मला ऐकू येणार नाही. काच आहे ना."

आठव्या रविवारी नवसाबाई नामपूरहून आली. कांद्याची लागण चालू असताना एक दिवस मोडून आली होती. नखांत माती होती आणि पदर डोक्यावर घट्ट होता. दारात तिने चपला काढल्या. संतोष म्हणाला, मावशी, चपला राहू द्या. ती म्हणाली, इथं काही देव दिसत नाही, तरी लोक गप्प शेत, म्हणून काढ्या. तिला पहिल्या रांगेत बसवले आणि शेजारी दाराची खुर्ची उचलून हारुन बसला. मागच्या भिंतीशी रोशनबीही उभी होती. आज तिनेच हट्ट धरला होता. केबिनमधला दिवा लागला. आपली मुलगी कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी काचेत बसलेली पाहून नवसाबाईचे ओठ आवळले. "भाऊ, ती काय बोली रायनी?" तिने विचारले. हारुन तिच्या कानाकडे वाकला, आणि हळूच, अगदी हळूच सांगू लागला.

आता एक गोष्ट ना हर्षालीच्या ध्यानात आली होती, ना हारुनच्या. ज्याने चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढली आणि ज्याला स्वतःचा आवाज दहा वर्षांत ऐकू आला नाही, त्याचे 'हळूच' हे केवळ त्याच्या इच्छेत असते. "माय, मी क्लास सोडी दिधा," असे हारुन नवसाबाईच्या कानात कुजबुजला, आणि कारखान्याच्या पत्र्यावर बसलेली कबुतरे उडाली. साठ-सत्तर माना एकदम वळल्या. आजवर ज्या काचेतून एक अक्षर बाहेर आले नव्हते तिचा सगळा मजकूर दालनभर खणखणत होता. "मी तहसीलदार व्हनार नही. माले हाईच आवडस, लोकेस्ना समोर बसानं. माले वाटस हाईच मनं काम शे. रोज तुले फोन लावस आनि नुसतं थंडीबद्दल बोलस." वहीवाल्या गृहस्थांचे पेन थांबले. पुढच्या रांगेतल्या बाई, ज्यांनी तिसऱ्या रविवारी शेजारणीचा हात धरला होता, त्यांनी तोंडावर हात ठेवला, कारण पुढचे वाक्य साबणाबद्दल होते, आणि कोपऱ्यात उभी असलेली वैष्णवी दोन्ही हातांनी डोके धरून खाली बसली. कोणी हसले, मग सगळे हसले. संतोष भिंतीच्या कडेने धावत आला आणि तळहात खाली-खाली दाबून दाखवू लागला. मालेगावच्या कारखान्यात त्या खुणेचा अर्थ 'माग चालू ठेव' असा होता, म्हणून हारुनने मान डोलावली आणि चालू ठेवले. आत हर्षालीला काहीच ऐकू येत नव्हते. तिला एवढेच दिसत होते की सगळे लोक तिच्याकडे पाठ फिरवून चाचांकडे पाहत आहेत आणि त्यांचे खांदे हलत आहेत. ती गोंधळली, पण थांबली नाही. आता थांबणे तिच्या हातात नव्हते. शेवटी ती काचेजवळ आली, आईकडे पाहून तोच जुना प्रश्न विचारला, आणि हारुनने तोही त्याच सुरात विचारला: "तू रागे भरशी का हासशी?"

लोक आता नवसाबाईकडे पाहू लागले. नवसाबाई हलली नाही. तिने एवढ्या लोकांत आपल्या घरचे ऐकले होते, आणि तिच्या मानेवर एक शीर उठून दिसत होती. हारुनचे सगळे लक्ष तिच्या ओठांवर होते. त्याने आयुष्यात पुष्कळ ओठ पाहिले, परंतु इतके घट्ट मिटलेले पाहिले नव्हते. त्यांत प नव्हता, ब नव्हता, म नव्हता. काचेवर हर्षालीचे दोन तळहात टेकले होते आणि त्यांच्याभोवती वाफेचे वर्तुळ मोठे होत होते. मग नवसाबाईने पदर सारखा केला.

"पहिले काय बोलनी व्हती ती? पहिल्या दिशी?"

"भाकर जळी गई."

"आनि रोज जळस?"

"रोज."

नवसाबाईने काचेतल्या मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिले, जसे शेतातून आलेल्या मुलीला आई उंबऱ्याशी पाहते. "तिले सांग," ती म्हणाली, "तुना तवा पातळ शे."

"आणि बाकीचं?" हारुनने विचारले.

"बाकीनं मंग. पहिले भाकर."

तेव्हा हारुन उभा राहिला. आत काहीही झाले तरी उठायचे नाही हा संतोषचा नियम त्याने मोडला. तो काचेसमोर गेला, दिव्याकडे तोंड केले, आणि आवाज न काढता, एकेक अक्षर ओठांवर मांडून, तिच्या आईचा निरोप तिला दिला. हर्षालीच्या कपाळावर आठी पडली. तिने त्याच्या ओठांकडे पाहिले, काही जुळेना. त्याने पुन्हा सांगितले. मग तिला त्याचे सांगणे आठवले असावे, कारण तिने ओठांवरून नजर काढली आणि त्याच्या खांद्यावरून आईकडे पाहिले. आईने हवेत दोन बोटांनी काहीतरी बारीक मोजून दाखवले होते, तव्याची जाडी, आणि मान हलवली होती. हर्षालीचा चेहरा आधी रिकामा झाला. मग तिचा उजवा हात काचेवरून सुटला, वर गेला, आणि हवेत मूठ मिटली. त्यानंतर तिला जे हसू फुटले त्यात ती स्टुलावर बसली, मग जमिनीवर बसली, आणि काचेच्या खालच्या कडेला फक्त तिची वेणी दिसत राहिली.

"भेटनं का तिले?" निरोप पोचला का, असे नवसाबाईने मागून विचारले. हारुनला ते ऐकू येणे शक्य नव्हते. परंतु तो वळला तेव्हा रोशनबी भिंतीपासून पुढे आली होती, नवसाबाईच्या शेजारी उभी राहून, त्याच्याकडे पूर्ण तोंड करून, तोच प्रश्न ओठांनी विचारत होती. चाळीस वर्षांत ती त्याच्याशी अशी नुसत्या ओठांनी कधी बोलली नव्हती. हारुनने आधी तिच्यासाठी मूठ मिटली.

"भेटनं," तो म्हणाला, आणि ते त्याला स्वतःलाही ऐकू आले.